अनुभव धागा: मोठी प्रवासी गाडी, सुरक्षितता आणि अ‍ॅव्हरेज

सात-आठ आसनी गाड्यांपासून मोठ्या व्हॅन आणि बसपर्यंत, ज्यांचा या गाड्यांशी रोजचा संबंध आहे त्यांनी आपापल्या टोपणनावाने लिहावं. कुठली कंपनी भारी, हा वाद इथे नको. काय तपासायचं, किती, आणि का बिघडतं तेवढंच.

जोडचाक
हवेपासून सुरुवात करू. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर भरल्या गाडीचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो. तो पाळा. हवा तपासायची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर. तापलेल्या टायरचा काटा वर दिसतो म्हणून हवा सोडणं ही नेहमीची चूक. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दुमडते, तापते, आणि वेगात आतले थर सुटतात. डिझेल जास्त जातं तेही या दुमडण्यातच.

टायर बदलताना नुसतं माप बघू नका, लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती ओझं पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, बघा. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, १२१ म्हणजे १४५०. कारचा टायर व्हॅनच्या रिमवर बसेलही, पण ओझं पेलणार नाही. बाजूवरचे चार अंक वयाचे: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा.

मागे जोडचाकं, म्हणजे एका बाजूला दोन-दोन टायर, असतील तर आतल्या टायरचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही, म्हणून तो कुणी बघत नाही. मग बाहेरचा एकटाच ओझं ओढतो. व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन लावून घ्या.

वजनकाटा
आसनं आठ आहेत म्हणून आठ माणसं अधिक सामान चालतंच असं नाही. कमाल एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. माणशी ७५ किलो धरले तर आठांचे ६०० झाले. उरेल तेवढंच सामान. आणि ते टपावर नको. १५ आसनी व्हॅनमध्ये १० किंवा जास्त माणसं बसली की उलटण्याचा धोका झपाट्याने वाढतो, कारण गुरुत्वमध्य वर आणि मागे सरकतो. माणसं कमी असतील तर पुढच्या रांगा आधी भरा. रिकामं कॅरिअरसुद्धा वारा अडवतं. वापर नसेल तेव्हा काढून ठेवा.

शेवटच्या रांगेत प्रत्येकाला तीन टोकांचा पट्टा आणि डोक्याला आधार आहे का, हेही बघावं. पडद्यासारखी एअरबॅग तिथवर पोचते का, ते गाडीच्या पुस्तकात सापडतं.

दुसरा गिअर
उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचतं, हा समज कधी जाणार कोण जाणे! इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं, वर इंजिनचा ब्रेकही गेला.

मग सगळा भार ब्रेकवर. डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, ओल शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळून वाफ झाली की पेडल मऊ पडून खाली जातं. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला. मोठ्या बसच्या एअर ब्रेकमध्ये, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकमध्ये, ऑइल नाही, तरी ड्रम तापून फुगतो आणि लायनर पकड सोडतो. हवेच्या टाक्यांतलं पाणी नियमित काढा आणि उतार सुरू होण्याआधी गिअर पाडा, मध्यावर नव्हे.

आकडेमोड
वजनकाटा, वाऱ्याचं पटलं. वेग ८० वरून १०० केला तर वाऱ्याचा अडथळा सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतरही त्याच प्रमाणात.

अ‍ॅव्हरेज स्क्रीनवरून मोजू नका. टाकी पूर्ण भरा, पुन्हा पूर्ण भरेपर्यंत चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. पंपाचा नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबा, दोन्ही वेळा.

जोडचाक
एक राहिलं. हवा, वेग, ओझं तेच असून अ‍ॅव्हरेज अचानक पडलं तर अडकलेला ब्रेक शोधा. ब्रेक फार न वापरता थोडं अंतर चालवून थांबा आणि चारही चाकांचं तापमान बघा. हात लावू नका, भाजेल. लांबून मोजणारा थर्मामीटर चालतो. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर कॅलिपरची (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन जाम, हँडब्रेकची केबल अडकलेली किंवा बेअरिंग गेलेलं. चाक उचलून हाताने फिरवा. फिरताना घरघर आली तर बेअरिंग. फिरतच नसेल तर ब्रेक.