मदत हवी आहे: पाडव्याचं तोरण, खिळा न ठोकता

पाडव्याला दारासाठी घरीच तोरण करायचंय, खर्च दीडशे रुपयांच्या आत. आंब्याची पानं सोसायटीतल्या झाडाची मिळतील, झेंडू बाजारातून आणेन. दार पश्चिमेला, चौकट लोखंडी. घर भाड्याचं, त्यामुळे खिळा ठोकता येत नाही. चिकटवायचे हुक लावून पाहिले, पण दुपारच्या उन्हात गोंद सुटून तोरण एका बाजूने लोंबतं. पानं रात्रभर पाण्यात ठेवून ओवली, तरी संध्याकाळपर्यंत कडा आत वळतात. झेंडू मात्र छान टिकतो. प्लास्टिकची पानं नकोत, पाडव्याला दारात खरा आंबाच हवा.

लोहचुंबकाचे हुक ओल्या तोरणाचं वजन पेलतील का? आणि पानं सुईने ओवण्याऐवजी देठाकडून दोऱ्यावर दुमडून काडीने टाचली तर कमी वळतात का? कोवळी घ्यावीत की जून?