सत्तरीपुढे रेशनकार्डाचा रंग नको, आधारवरचं वय बघा

कुणीतरी लिहिलंय की वडिलांचं रेशनकार्ड पांढरं, म्हणून सरकारी मोफत उपचाराचं आयुष्मान कार्ड निघणार नाही. वडील सत्तरीपुढचे असतील तर हे बरोबर नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला वय वंदना कार्ड, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं आयुष्मान कार्ड, मिळतं, उत्पन्नाची अट नाही. घरचं आयुष्मान कार्ड आधीच असेल तर म्हाताऱ्या माणसांना वर्षाला वेगळा ५ लाखांपर्यंतचा उपचार मिळतो, फक्त घरात दोघं सत्तरीपुढचे असले तर तो दोघांत मिळून. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा माजी सैनिकांची योजना असलेल्यांना मात्र दोन्हींतली एकच निवडावी लागते.

आपल्याकडं खरी अडचण येते ती आधारवर. वय आधारवरचंच धरतात आणि मराठवाड्यात जुन्या माणसांची जन्मसालं बऱ्याचदा अंदाजानं टाकलेली असतात. बाई पंच्याहत्तरीची, आधारवर ६६, की अर्ज तिथंच अडला. दुरुस्ती साधारण एकदाच करता येते, म्हणून जन्मतारखेचा पक्का पुरावा हाती असल्याशिवाय आधार केंद्रावर जाऊ नका. दुसरं, जन्मभर खुरपं-विळा धरलेल्या हाताचा अंगठा मशीन घेत नाही. तेवढ्यावरून परत फिरू नका. ओटीपी, डोळा किंवा चेहऱ्यावरूनही केवायसी, म्हणजे ओळख पटवणं, होतं. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाईल नंबर आधीच जोडून घ्या.

आणि हे कार्ड भरती झाल्यावरच्या उपचाराला आहे, बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्यांना नाही. दवाखाना योजनेत असला तरी तुमचा आजार तिथं बसतो का, हे भरतीआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेची मदत करणाऱ्या माणसाला) विचारा, नाहीतर १४५५५ या हेल्पलाईनवर.