सफरचंदाचं मसाला सिरप जेलीसारखं घट्ट होतं, ओतता येईल असं कसं करायचं?

मेतकूट (पुणे)

पॅनकेक, वॉफल, फ्रेंच टोस्ट आणि अधूनमधून व्हॅनिला आइसक्रीमवर घालायला दालचिनी-लवंगेचं सफरचंद सिरप घरी करायचंय. मेपल सिरपइतपत दाट हवं, फ्रीजमधून काढल्या काढल्या ओतता आलं पाहिजे आणि महिनाभर तरी टिकलं पाहिजे.

नेटवरच्या कृतींचा एकमेकींशी मेळ नाही. एकीत फोडी सालं-गाभ्यासकट पाऊण तास शिजवून ते पाणी साखर घालून आटवायला सांगतात. त्याची थंड झाल्यावर जेलीच होते. दुसरीत कॉर्नफ्लॉर आहे, त्याला दोन-तीन दिवसांत पाणी सुटतं. तिसरीत खोक्यातला रस. तापमान कुठे १०३, कुठे १०५. मसाले अख्खे घालायचे की पूड, यावरही एकमत नाही.

हाताशी किलोभर लाल डेलिशियस सफरचंदं, साधी साखर, ग्रॅमचा वजनकाटा आणि ज्यूसर आहे. थर्मामीटर नाही. प्रमाण आणि त्यामागचं कारण, दोन्ही सांगाल का?

गाळणी

जेली होते ती पेक्टिनमुळे. सालीत आणि गाभ्यात ते भरपूर असतं आणि उकळलं की पाण्यात उतरतं. पेक्टिन, आंबटपणा आणि ६०-६५ टक्के साखर एकत्र आले की जेली होणारच. सालं-गाभा उकळून, लिंबू पिळून, साखर घालून आटवणं ही सफरचंदाच्या जेलीचीच कृती आहे; वर सिरप असं नाव लिहिल्याने ती पातळ राहत नाही.

गोंधळ आकड्यांमुळेही होतो. मेपल सिरपमध्ये ६६ टक्क्यांच्या आसपास साखर असते, आणि जॅम-जेलीही साधारण तिथेच उतरवतात. दोघांचं तापमान जवळजवळ एकच. मेपलच्या रसात पेक्टिनचा त्रास नाही म्हणून ते वाहतं. तोच आकडा सफरचंदाला लावला की फसतं. तेव्हा रस न शिजवता काढा, आणि ६० टक्क्यांवर थांबा.

सफरचंदं कोमट पाण्यात चोळून धुवा, बाजारातल्या फळांवर मेणाचा थर असतो. बिया आणि देठ काढा (बिया चिरडल्या तर कडवटपणा येतो), साल राहू द्या. रस ज्या भांड्यात पडणार त्यात आधीच २ चहाचे चमचे लिंबाचा रस घालून ठेवा, म्हणजे रस काळा पडत नाही. किलोभर फळातून ५५० ते ६५० मिली रस निघतो. फळ जुनं, भुसभुशीत असेल तर कमी. रस झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी तळाशी गाळ बसलेला असतो. वरचा रस अलगद ओतून दुहेरी सुती कापडातून गाळा. कापड पिळायचं नाही. पिळलं की गर उतरतो, सिरप गढूळ होतं आणि टाळत होतो तेच पेक्टिन परत येतं.

आता ६०० मिली रस धरून चालू. जाड बुडाची रुंद स्टीलची कढई घ्या. ॲल्युमिनियम आणि लोखंड नको, आंबट रस त्यात आटवला की धातूची चव उतरते. रिकाम्या कढईचं वजन लिहून ठेवा. रस उकळला की वर करडा फेस येतो तो काढून टाका, मग मसाल्याची पुरचुंडी सोडा: दालचिनीचे बोटभर लांबीचे २ तुकडे, अर्धं चक्रीफूल, सुंठेचा नखाएवढा खडा. लवंगा ३, पण त्या शेवटची आठ-दहा मिनिटं. सुरुवातीपासून उकळल्या तर जीभ बधिर होते आणि सफरचंदाचा वास मागे पडतो.

रस निम्मा, म्हणजे ३०० मिली होऊ द्या; रुंद कढईत वीसेक मिनिटं लागतात. पुरचुंडी काढा. ३०० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर विरघळवा, एक उकळी आली की बंद. शेवटी पुन्हा १ चमचा लिंबाचा रस. डेलिशियस गोड जात आहे, त्यात आंबटपणा कमी; लिंबाशिवाय सिरप नुसतं गोड लागतं.

वजनाचा हिशोब असा: ६०० मिली रसात स्वतःची सुमारे ७० ग्रॅम साखर असते, वरची ३००, एकूण ३७०. याला ०.६ ने भागलं की साधारण ६१५. कढईचं वजन वजा करून ६१५ ग्रॅम भरलं, की झालं तुमचं ६० टक्के. जास्त भरलं तर आणखी उकळा, कमी भरलं तर तेवढं उकळतं पाणी घाला. गरम कढई थेट काट्यावर ठेवू नका. लाकडी पाट ठेवून काटा शून्यावर आणा, मग कढई. बाटलीत पावणेपाचशे मिलीच्या आसपास भरेल.

बंद करताना ते पातळ दिसेल. इथेच हात आवरा. "अजून पाच मिनिटं" म्हटलं की संपलं.

अंशमापक

वरचं सगळं बरोबर. तापमानाचं तेवढं जोडतो, पुढेमागे थर्मामीटर घेतलाच तर.

इंग्रजी कृतींमधले आकडे समुद्रसपाटीचे असतात. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. आधी नुसतं पाणी उकळून तुमचा थर्मामीटर काय दाखवतो ते बघा आणि त्यावर मोजा. ३ अंश वर गेलं की साखर ६० टक्क्यांच्या जवळपास, ४ अंश वर म्हणजे ६५. कृतीतले १०५ पुण्यात गाठायला गेलात तर उकळबिंदूच्या ७ अंश वर जाल. तो पाक बाटलीतून बाहेर येणार नाही.

थर्मामीटर नसेल तर स्टीलची ताटली फ्रीजरमध्ये ठेवा. तिच्यावर चमचाभर सिरप टाकून अर्ध्या मिनिटाने मधून बोट फिरवा. रेघ हळूहळू भरून आली तर ठीक. रेघ तशीच राहिली, किंवा बोटाने ढकलल्यावर वर सुरकुती पडली, तर जेलीकडे झुकलंय. आपल्या पाकाच्या भाषेत, बोटांना चिकट लागावं, गुलाबजामच्या पाकासारखं. तार अजिबात नको.

आणि ६० टक्क्यांवर थांबण्याचा आणखी एक फायदा म्हणजे फ्रीजच्या थंडीत पाण्यात साधारण ६४-६५ टक्क्यांपर्यंतच साखर विरघळलेली राहते. त्याखाली असाल तर तळाशी खडे धरत नाहीत.

मेतकूट (पुणे)

म्हणजे वजनावरच करते. दोन शंका. खोक्यातला रस वापरला तर कमीपणा आहे का? आणि आधीचं जे घट्ट होऊन बसतं ते वाचवता येतं का?

गाळणी

वाचतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून सैल करा, कढईत काढा, दर २०० ग्रॅमला २ ते ३ मोठे चमचे पाणी घालून मंद आचेवर ढवळा. उकळी फुटली की बंद. गुठळ्या राहिल्या तर गाळून घ्या. तरीही थोडं थरथरणारं राहिलं, तर हट्ट सोडून टोस्टला लावा, जेली म्हणून ती उत्तमच असते.

अंशमापक

खोक्यातला पारदर्शक रस सिरपसाठी उलट सोयीचा. कारखान्यात रस नितळ करताना त्यातलं पेक्टिन एन्झाइमने तोडलेलं असतं, त्यामुळे तो कितीही आटवला तरी जेली धरत नाही. उकळबिंदूच्या ४ अंश वरपर्यंत, म्हणजे खऱ्या मेपलच्या दाटपणापर्यंत, बिनधास्त न्या. मात्र एवढ्या दाट सिरपमध्ये फ्रीजमध्ये थोडे खडे धरू शकतात. धरलेच तर बाटली कोमट पाण्यात ठेवली की विरघळतात.

अट एकच, तो खरोखर सफरचंदाचा रस हवा, घटकांची यादी बघून घ्या. 'फ्रूट ड्रिंक' म्हणून मिळतं त्यात बहुतेक पाणी आणि साखर असते. वरून साखर घातलेली असेल तर मागच्या तक्त्यात १०० मिलीला साखर किती ते बघून वजनाच्या हिशोबात धरा, नाहीतर तुमचा आकडा चुकेल. वास ताज्या रसाएवढा नसतो. ६०० मिली खोक्याच्या रसात एका हिरव्या ग्रॅनी स्मिथचा किसून पिळलेला रस मिसळा, वास आणि आंबटपणा दोन्ही येतात. एका फळाचं पेक्टिन एवढ्या रसात त्रास देत नाही.

जायफळवेलदोडा

मसाले अख्खे कशाला, दालचिनी पूड अर्धा चमचा टाकली की काम होतं. आणि साखरेऐवजी गूळ का नाही? चव खमंग येते.

गाळणी

पुडीला दोन कारणांनी नाही म्हणेन. ती तळाशी बसून दाताखाली कचकच करते. दुसरं, दालचिनीच्या सालीत बुळबुळीत द्रव्य असतं. पूड ओली झाली की ते सुटून सिरपला शेंबडासारखी तार येते. गाळूनही जात नाही. अख्ख्या तुकड्यांना हा त्रास फारसा होत नाही. किराणा दुकानातली जाड, कडक साल चालेल, ती झणझणीत असते. पातळ पापुद्र्यांची गुंडाळी असलेली श्रीलंकेची किंवा कोकणातल्या बागांमधली मिळाली तर वास मऊ येतो, मग दोनाऐवजी तीन तुकडे घ्या.

तुमच्या नावातलं जायफळ मात्र जरूर. गॅस बंद केल्यावर सहाणेवर दोन वेढे उगाळून घाला. उकळत ठेवलं तर वास उडून जातो, उरतो तो कडवटपणा. वेलदोडा मी घालणार नाही. तो आला की सगळं शिऱ्यासारखं लागतं.

ऊसमळा_कोल्हापूर

गुळाबद्दल. पाव हिस्सा गूळ चालतो, म्हणजे ३०० मध्ये ७५ ग्रॅम गूळ, २२५ साखर. सगळाच गूळ घातला तर सफरचंद ओळखू येणार नाही. शिवाय गूळ करताना बऱ्याच ठिकाणी चुना किंवा सोडा वापरतात. आंबट रसात असा गूळ पडला की फसफसतो आणि रसाचा आंबटपणा मारतो. गूळ वेगळा थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून मगच घाला, तळाला वाळू-काडी निघतेच. गुळात ओलावा असतो, त्यामुळे वजन ६१५ वर न थांबता ६०० पर्यंत आटवा.

बर्फाळ_व्हरमाँट

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक वेगळी वाट. शरद ऋतूत इथे बागांमधून ताजा सायडर, म्हणजे सफरचंदाचा न गाळलेला रस, गॅलनच्या कॅनमध्ये मिळतो. न्यू इंग्लंडमध्ये त्याचं जुन्या पद्धतीचं सिरप करतात, त्यात साखरेचा कणही नसतो: सायडर सात पट आटवायचा. एका गॅलनचं, म्हणजे ३.८ लिटरचं, अर्ध्या लिटरहून थोडं जास्त होतं. घरच्या शेगडीवर तीन-चार तास धरा. शेवटचा अर्धा तास समोरून हलू नका, तेव्हा करपतं. नऊ पटीच्या आसपास गेलं की त्याचीच जेली होते, आणि तीही इथे मुद्दाम करून विकतात.

लेबलवर पोटॅशियम सॉर्बेट असलेला सायडर घेऊ नका, आटवल्यावर तेही सात पट होतं. आणि ही कृती भारतातल्या लाल डेलिशियसवर करू नका. इथल्या सायडरमध्ये आंबट जाती मिसळलेल्या असतात, म्हणून आटवल्यावर चव टोकदार होते. नुसत्या गोड फळाचा रस सात पट आटवला तर काकवीसारखा होतो.

मेतकूट (पुणे)

कॉर्नफ्लॉरचं राहिलं. आणि बाटलीबद्दल कोणी सांगेल का? साखर कमी केली तर चालेल?

अंशमापक

कॉर्नफ्लॉर त्याच दिवशी संपणार असेल तर घाला: २५० मिली रस, १०० ग्रॅम साखर, सपाट मोठा चमचाभर कॉर्नफ्लॉर थंड रसातच कालवून, ढवळत उकळून पारदर्शक झालं की बंद. लिंबू नंतर. थंडीत स्टार्च आकसतो आणि पाणी बाहेर टाकतो, म्हणून तुमच्याकडे ते वेगळं होतं. त्याला इलाज नाही.

साखर निम्मी केली तर ते सिरप नसून गोड रस असतो. आठवड्यात संपवा किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून लागेल तशी वडी काढा.

गाळणी

काचेच्या, घट्ट झाकणाच्या लहान बाटल्या घ्या, २०० मिलीच्या तीन. एक मोठी रोज उघडण्यापेक्षा बरं. बाटल्या पाण्यात बुडवून १० मिनिटं उकळा, उलट्या करून पूर्ण सुकवा, गरम असतानाच गरम सिरप भरा. थंड काचेत उकळतं ओतलं तर तडकेल. वर बोटभर जागा सोडून लगेच झाकण लावा, निवल्यावर फ्रीजमध्ये. महिना-दीड महिना राहतं. ६० टक्के साखरेवर बुरशी येऊ शकते, त्यामुळे बाहेर ठेवू नका आणि ओला चमचा घालू नका. आंबूस वास आला, बुडबुडे दिसले किंवा वर पांढरा ठिपका आला, तर वरचं काढून वापरायचं नाही, सगळं टाकायचं.

वापरताना: आइसक्रीमवर किंचित कोमट करून घाला, थंडीने ते दाट होतं. गरम दुधात किंवा दुधाच्या कॉफीत घालू नका, आंबटपणाने दूध फाटू शकतं. केकवर लावायचं तर तेवढंच पाणी मिसळून ब्रशने. घावनावर तुपाबरोबर छान लागतं. चक्क्यात पाव किलोला दोन मोठे चमचे, त्याहून जास्त घातलं तर श्रीखंड ओघळतं.

ज्यूसरमधला चोथा फेकू नका. साल मऊ होईपर्यंत अर्धी वाटी पाणी घालून शिजवा, मिक्सरमधून काढा, पाव भाग साखर घालून घट्ट होईपर्यंत परता. पेक्टिन सगळं त्यातच राहिलेलं असतं, पाच-दहा मिनिटांत आळतं.