मदत हवी आहे : टॅग लावलेल्या बोटुकल्या प्रवाहात टिकत नाहीत

जलरेखा : बोटुकल्यांच्या (माशांच्या बोटभर पिल्लांच्या) पाठीच्या पराखाली, माग काढण्यासाठीचे टॅग तारेने बाहेरून बसवले आहेत. स्विम टनेलमध्ये (मासा प्रवाहाविरुद्ध पोहवून तपासायच्या नळीत) पाण्याचा वेग वाढवत नेला की त्या बिनटॅगच्या माशांच्या बऱ्याच आधी थकून मागच्या जाळीला टेकतात. टॅगचे वजन माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आत आहे. मग अडचण कुठे आहे? पुढची तुकडी तयार असल्याने कृपया लवकर सांगावे.

तळठाव : मासा कोणता, लांबी किती, टॅगचे वजन हवेतले की पाण्यातले, आणि चाचणी टॅग लावल्यावर किती वेळाने घेतली, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

शल्यक : बाहेरचा टॅग सोडा आणि पोटात बसवा, पाण्याचा रोध उरतच नाही.

ओघ : प्रश्न तो नाही. शिवाय एवढ्या लहान माशाच्या पोटात टॅग जागा अडवतो. धरणाच्या टर्बाइनमधून जाताना दाब अचानक घटून वाताशय (माशाच्या पोटातली हवेची पिशवी) फुगतो, तेव्हा इजेचा धोका त्यामुळे वाढतो. बाहेरून लावायचे, पाण्यात वजन न जाणवणारे टॅग याच कारणासाठी तयार झाले.

शल्यक : सगळेच मासे टर्बाइनमधून जात नाहीत.

जलरेखा : सामन, लांबी बोटाएवढी. वजन हवेतले. चाचणी दुसऱ्या दिवशी घेतली. बिनटॅगच्या माशांना अर्थातच भूल दिली नव्हती, ते थेट टाकीतून घेतले.

तळठाव : मग टॅगचा परिणाम आणि भूल, हाताळणी व जखम यांचा परिणाम एकत्र मोजला जात आहे. भूल देऊन तार ओवून काढलेला, पण टॅग नसलेला तिसरा गट हवाच.

ओघ : सहमत, पण २ टक्क्यांचा आधार इथे अपुरा आहे, कारण तो फक्त वजनाचा विचार करतो आणि बाहेरच्या टॅगमध्ये आकारही तितकाच नडतो. वेग दुप्पट झाला की रोध साधारण चौपट होतो, त्यामुळे संथ पाण्यात ठीक वाटणारा मासा वरच्या वेगाला हार मानतो. वजन कमी करायला तरंगणारे वेष्टन जाड केले, तर रोध उलट वाढतो. चपटा, पुढून निमुळता आणि अंगाला घट्ट बसणारा टॅग घ्या.

शैवाल : जास्त दिवस ठेवणार असाल तर टॅगवर शेवाळ साचते, तेही लक्षात घ्या.

जलरेखा : चाचणी दुसऱ्याच दिवशी आहे, शेवाळाचा प्रश्न नाही. तार थोडी सैल आहे, टॅग शेपटीच्या प्रत्येक हेलकाव्यासरशी हलतो. त्यानेही फरक पडेल का?

तळठाव : नक्कीच पडेल. तो कातडी घासतो आणि रोधही वाढवतो. पुढच्या तुकडीआधी तेवढे घट्ट करून, तिन्ही गट सारख्या लांबीचे आणि एकाच तापमानाच्या पाण्यात घ्या.