‘आपलं घर’ ग्रुप: आत्याचे स्ट्रोपवाफल आणि काकवीचा पाक

आत्या (सांगली), सकाळी १०:४०
चिऊ, दिवाळीत तू आणली होतीस ती पाक भरलेली गोल बिस्किटं, स्ट्रोपवाफल, काल घरी करून बघितली. आपली काकवीच वापरली. मधून आडवी चिरायला सुरी लावल्याबरोबर निम्मी फुटली. जी कापली गेली त्यांतली काकवी बशीत वाहून गेली. नातवंडं आशेनं बसली होती गं. काय चुकलं ते नीट सांग, मला परत करायचीत.

चिऊ (खाउडा, नेदरलँड्स), १०:५२
आत्या, इथे सकाळचे सव्वासहा वाजलेत, पण हे वाचून उठलेच! मुळात तू करायला घेतलेस याचाच किती आनंद झाला. आधी सांग, भाजल्यावर किती वेळानं कापलीस?

आत्या
सगळी भाजून ताटात काढली. मग बसून एकेक कापायला घेतली.

चिऊ
तिथंच झालं ते. चिक्कीच्या वड्या आपण पाक गरम असतानाच पाडतो ना, गार झाल्यावर सुरी लावली तर तुकडे उडतात. इथे तेच आहे. पिठात साखर भरपूर असते. गरम असते तोवर ती मऊ, म्हणून वाफल वाकवला तर वाकतो. गार झाला की कडक. साच्यातून काढल्यावर हातात जेमतेम दहा सेकंद असतात. म्हणून एक भाजायचा, लगेच कापायचा, पाक लावून मिटायचा, आणि मगच पुढचा गोळा साच्यात. दोघी असाल तर फार बरं.

मी शेजारच्या आजींकडे शिकले. त्या वाफल पाटावर ठेवतात, डावा तळवा वरून सपाट दाबतात, बोटं मात्र वर उचललेली. उजव्या हातात पातळ, बिनदातेरी सुरी, पाटाला अगदी समांतर. सुरी फार हलवत नाहीत, तळव्याखाली वाफलच फिरवतात. फटीतून वाफेची रेघ निघते, दालचिनीचा वास येतो आणि दोन चकत्या सुट्या होतात. मला पहिल्यांदा बघताना भाकरीच आठवली. फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटतो ना, तसाच सुटतो. यीस्टमुळे आत जाळी पडलेली असते, म्हणून सुरीला वाट मिळते. तू यीस्ट घातलं होतंस?

आत्या
नाही गं. सोडा घातला चिमूटभर.

मोठी काकू (पुणे)
मी एका व्हिडिओत दोन पातळ बिस्किटं करून मध्ये पाक लावलेला पाहिला. कापायची भानगडच नको.

चिऊ
काकू, तसं करतात लोक, पण मला ते पटत नाही. वाफल मधून चिरला की आतल्या बाजू खरखरीत, जाळीदार असतात. पाक त्यांत मुरतो आणि दोन्ही चकत्या एकजीव होतात. बाहेरची नक्षीची बाजू भाजून गुळगुळीत झालेली असते. तिच्यावर पाक नुसता बसतो, चावला की वरचं बिस्किट सरकतं. सगळी चव त्या मुरण्यात आहे.

दादा (ठाणे)
हे तुझ्या गावचंच ना गं? चीजवालं गाव?

चिऊ
हो दादा, तेच. तुम्ही ज्याला गौडा चीज म्हणता ते गाव, इथले लोक ‘खाउडा’ म्हणतात. स्ट्रोप म्हणजे पाक, वाफल म्हणजे साच्यात भाजलेलं नक्षीचं बिस्किट. गेरार्ड काम्पहाउझन नावाच्या इथल्या बेकरानं १८१० च्या सुमारास पहिल्यांदा केले असं सांगतात. सर्वांत जुनी लिखित कृती मात्र १८४० ची. बेकरीत उरलेला चुरा आणि तुकडे पाकात घोळून हे करायचे, म्हणून तेव्हा हा गरिबांचा खाऊ होता. मला हे फार आवडतं. आपल्याकडे शिळ्या पोळीचा गुळातला लाडू करतात, त्यातलीच ही बुद्धी. घरातलं काही टाकायचं नाही.

उन्हाळ्यात गुरुवारी सकाळी नगरभवनाच्या चौकात चीजचा बाजार भरतो. तेव्हा गाडीवर ताजा, गरम वाफल मिळतो. पुडक्यातला आणि तो, यांची तुलनाच नाही. वाफल गोल कापताना कडेच्या पट्ट्या निघतात, त्याही पिशवीत भरून विकतात. माझी मुलं वाफल सोडून आधी त्याच मागतात.

वहिनी (ठाणे)
ताई, प्रमाण टाका ना. आणि आपल्या आजींना अंडं चालत नाही, त्याचंही सांगा.

चिऊ
लिहिते वहिनी. मैदा २५० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी १२५ ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम, एक अंडं, कोरडं यीस्ट एक चमचा, कोमट दूध दोन मोठे चमचे, चिमूटभर मीठ. मळून तासभर झाकून ठेवा. पीठ पोळीच्या कणकेसारखं ताणलं जाणार नाही, नानकटाईच्या पिठासारखं मऊ राहील, तसंच हवं. लिंबाएवढे पंधरा गोळे होतात.

अंड्याऐवजी मी आणखी तीन चमचे दूध घालून केलेत. थोडे जास्त खुसखुशीत होतात आणि कापायला आणखी घाई करावी लागते, पण चव छान येते. आजींना नक्की द्या.

आत्या
आणि माझी वाहून गेलेली काकवी?

चिऊ
आत्या, काकवी घेतलीस हे अगदी योग्य केलंस. इथला स्ट्रोप साखरेच्या बिटापासून येतो, गडद आणि घट्ट. काकवी त्याची उसाकडची बहीण, फक्त अंगानं पातळ. नुसती लावली तर वाहणारच. तिला आटवायला हवं. २०० ग्रॅम काकवी, १०० ग्रॅम ब्राउन शुगर, ८० ग्रॅम लोणी, एक चमचा दालचिनीपूड. खोल पातेलं घे, काकवी फेसाळून वर येते. मंद आच, हात सतत चालू.

पाक कुठवर न्यायचा हे तुला मी काय सांगणार! वाटीतल्या पाण्यात थेंब टाक. बोटांत धरता येईल अशी मऊ गोळी व्हायला हवी, आणि ताटलीत ठेवली की तिनं हळूहळू बसायला हवं. चिक्कीला लागतो तसा टणटण वाजणारा पाक नको, दात अडकतील. थर्मामीटर असेल तर ११२ ते ११५ अंश. पाक कोमट ठेवूनच लाव, गार झाला तर पसरत नाही, उलट चकती ओढून फाटते.

नुसत्या गुळाचा मात्र करू नकोस. गुळाचा पाक गार झाला की रवाळ होतो, नाहीतर कडक. काकवी पातळ राहते कारण तिच्यातली सगळी साखर दाणेदार होत नाही, तोच गुण इथे हवा असतो.

मोठी काकू
आणि साचा? आमच्याकडे वाफल मशीन आहे, खोल चौकोनांचं.

चिऊ
त्यात नाही होणार काकू, खोल खळग्यांमुळे कापताच येत नाही. आइस्क्रीमचे कोन करायचं मशीन मिळतं ना, बारीक नक्षीचं, ते चालेल. फक्त अगदी पातळ दाबू नका, तीन-चार मिलिमीटर जाडी राहू द्या. एक ते दीड मिनिटात सोनेरी होतो. शेजारच्या आजींकडे लांब दांड्यांचा जुना बिडाचा साचा आहे, गॅसवर उलटसुलट फिरवायचा. तो त्या दरवेळी कोरड्या फडक्यानं पुसून कागदात गुंडाळून ठेवतात. मला तो हातात देतात तेव्हा आपल्या घरचा अप्पेपात्राचा वारसा मिळाल्यासारखं वाटतं.

आत्या, दुसऱ्या दिवशी सायंकाळी ५:२०
चिऊ, झाले! सूनबाई भाजत होती, मी कापत होते. पंधरातले तीन फुटले, बाकीचे अखंड. पापुद्रा म्हणालीस ना, तिसऱ्यालाच हाताला कळलं. पाक वाहिला नाही. काकवीचा वास काय सुरेख लागतो गं त्यात!

चिऊ
आत्या!! फोटो टाक लगेच. आणि चहाच्या कपावर झाकणासारखा ठेवून बघितलास का? दोन मिनिटं ठेवायचा. खालून वाफ लागते, आतला पाक सैल होतो. कप वाफलपेक्षा लहान हवा.

आत्या
अण्णांच्या कपावर ठेवला. ते म्हणाले, चहा झाकून का देतेस? मग खाल्ला, आणि आता दुसरा कप मागतायत. उरलेले डब्यात भरू का?

चिऊ
पूर्ण गार होऊ दे, मगच झाकण लाव. वाफ अडकली तर उद्या चिकट होतील. मध्ये बटर पेपर घाल.