एकट्यापुरतं नुस्तें (मासळी): तुम्ही रात्री काय करता?

नवऱ्याची बदली झाल्यापासून पर्वरीच्या घरात मी एकटीच आहे. सुरुवातीला रोज रात्री दूध-पोहे खायचे. वाट्यात आठ-दहा बांगडे असतात, ते एकटीला संपायचे कसे, म्हणून बाजारात जाणंच सोडलं होतं. शेवटी एकदा पणजी मार्केटात नेहमीच्या बाईला दोनच मागितले. तिने दिले आणि म्हणाली, "एकल्याक भूक लागना काय गो?" ते वाक्य मनात राहिलंय.

आता आठवड्यातून दोनदा तिखलं, म्हणजे बांगड्याचं तिखट कालवण, करते. चार सुक्या मिरच्या, पाव चमचा हळद, सुपारीएवढी चिंच आणि दोन चमचे ओलं खोबरं मिक्सरच्या लहान भांड्यात वाटायचं. वाटण उकळलं की बांगड्याचे तुकडे, मीठ आणि ठेचलेली पाच-सहा तिरफळं घालायची. सहा-सात मिनिटांत होतं. डाव फिरवायचा नाही, नाहीतर तुकडे मोडतात. भांडंच धरून हलवायचं. उतरवल्यावर वरून चमचाभर कच्चं खोबरेल.

तुम्ही एकट्यासाठी काय शिजवता? जरूर लिहा.

म्हापशाहून
मी गडहिंग्लजकडचा, नोकरीमुळे इथे आलो. आमच्याकडे मटण, मासे क्वचितच. पहिल्यांदा तिरफळं बियांसकट ठेचून घातली आणि सगळं कालवण कचकच लागलं. शेजारच्या काकींनी दाखवलं की काळी बी टाकून द्यायची, वापरायची ती नुसती टरफलं. अजून कालवणापेक्षा मला लेपो (चपटे मासे) सोपे वाटतात. सोलून आणायचे, मीठ-हळद-तिखट आणि कोकमाचं आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवायचे, मग रव्यात घोळवून तव्यावर. मासा पातळ, त्यामुळे दोन्ही बाजू मिळून पाच-सहा मिनिटं पुरतात. घाईत उलटला की रवा तव्यालाच राहतो, एवढं सांभाळायचं.

फोंड्याहून
वय ७१. पत्नीला जाऊन तीन वर्षं झाली. ती सहा माणसांचं हुमण (माशाचं कालवण) करायची, त्यामुळे माझ्या हाताला आलेलं मापही सहा जणांचंच. बरेच दिवस टाकून द्यावं लागलं आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं. मग युक्ती सापडली: अर्ध्या नारळाचं वाटण एकदाच करायचं, त्याचे तीन भाग करून दोन फ्रीजरमध्ये ठेवायचे. सोमवारी आणि गुरुवारी आम्ही मासळी खात नाही, तीन भाग आठवड्याला पुरतात. मासा मात्र त्या दिवशीचाच. तारल्या मिळाल्या तर उत्तम, चार पुरतात. आंबटाला भिंडाची (कोकमाची) सोलं घालतो. पावसाळ्यात आंबाडे मिळाले तर ते.

उकड्या तांदळाचा भात थोडा जास्त लावतो. सकाळी त्याची पेज आणि कालच्या हुमणाची कडी आटवून. ती हिला फार आवडायची. करवंटीचा डाव तिचाच वापरतो, दांडा सैल झालाय तरी.

वास्कोहून
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, तेव्हा ताजी मासळी कमी आणि महाग. मी मे महिन्यातच पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, सुकी सुंगटं (कोळंबी) भरून ठेवते. ड्यूटीवरून रात्री नऊला आले की मूठभर सुंगटं डोकी-शेपट्या काढून कोरडी भाजते. कांदा, ओलं खोबरं, तिखट, चिंचेचा कोळ आणि थोडं खोबरेल कालवलं की किसमूर तयार. कालवून लगेच खावं, थांबलं की सुंगटांचा कुरकुरीतपणा जातो.

मडगावहून
एक सावधगिरी. दुपारी घेतलेले बांगडे मी तीन तास गाडीत ठेवले. रात्री तळून खाल्ले आणि अर्ध्या तासात अंग लाल होऊन खाज सुटली. डॉक्टरांनी सांगितलं की ही ॲलर्जी नव्हे: बांगडा उष्णतेत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि शिजवूनही ते जात नाही. एकट्याच्या घरी असं काही झालं तर हाक मारायलाही कोणी नसतं. आता बर्फाचा डबा गाडीतच असतो. घरी येताच मासे साफ करून फ्रीजमध्ये.

पर्वरीहून, पुन्हा
फोंड्याच्या काकांचं वाटण आज केलं. दोन डबे फ्रीजरमध्ये गेले, तिसऱ्यात तीन तारल्या उकळताहेत.