शब्दचर्चा: एफआरपीला 'अनुदान' म्हणावं का?

प्रश्न

साखरेच्या आंतरराष्ट्रीय तंट्याबद्दल वाचताना 'भारत ऊस उत्पादकांना मर्यादेपेक्षा जास्त अनुदान देतो, असं जागतिक व्यापार संघटनेने ठरवलं' अशा अर्थाची वाक्यं सारखी दिसतात. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, तर साखर कारखाना देतो. मग यात अनुदान कुठलं? इथे दुसरा शब्द हवा का?

प्रतिसाद

हवा, आणि हा नुसता काथ्याकूट नाही. 'अनुदान' म्हटलं की सरकारी तिजोरीतून पैसा निघाला आणि शेतकऱ्याच्या खात्यात पडला, हेच आपल्या डोळ्यांपुढे येतं. ठिबकचं अनुदान, खताचं अनुदान तसंच असतं. आता उसाचं बिल हातात घेऊन पाहा. त्यात टनेज असतं, दर असतो, तोडणी-वाहतुकीची कपात असते, सोसायटीच्या कर्जाची वसुली असते आणि शेवटी हातात पडणारी रक्कम. सरकारने दिलेला एक रुपयाही त्या कागदावर सापडत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र सरकार दर ठरवतं, १४ दिवसांत पैसे देण्याचं बंधन घालतं, उशीर झाला तर १५ टक्के व्याज लावतं. पैसे मात्र कारखान्याचेच.

भारताने जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेपुढे, नेमकं हेच मांडलं. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये तक्रार केली होती. तंट्याचा निवाडा करणाऱ्या पॅनेलचा अहवाल १४ डिसेंबर २०२१ ला आला आणि त्यात भारताचं म्हणणं फेटाळलं गेलं. पैसे सरकारने दिले की कारखान्याने, याने फरक पडत नाही; सरकारने दर ठरवून दिला एवढं पुरे, असा पॅनेलचा अर्थ. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत उसाला दिलेला आधार उत्पादनाच्या मूल्याच्या १० टक्क्यांहून, म्हणजे भारतासाठीच्या मर्यादेहून, जास्त ठरला.

मी मुद्दाम 'आधार' म्हटलं. जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी करारातली ही संकल्पना 'बाजारभाव आधार' अशी मराठीत नीट बसते. तो मोजायची रीत अशी: सरकारने ठरवलेल्या दरातून एक संदर्भ दर वजा करायचा आणि फरकाला पात्र उत्पादनाने, म्हणजे तो दर मिळू शकणाऱ्या उत्पादनाने, गुणायचं. हा संदर्भ दर १९८६-८८ या काळातला आणि कायमचा गोठवलेला. २०१८-१९ ला एफआरपी क्विंटलमागे २७५ रुपये होती. डिझेल, मजुरी, खत सगळं आजच्या भावाने घेऊन पिकवलेल्या उसाचा दर तीस वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहिला जातो. असं केल्यावर जवळजवळ सगळी एफआरपीच 'आधार' म्हणून मोजली जाणार. यात कुणी कुणाला काही दिलेलं नसतं, हा हिशेबातला फरक असतो. त्याला 'अनुदान' म्हणणं म्हणजे ऊस उत्पादकावर न घेतलेल्या पैशाचा ठपका ठेवणं.

याच कराराने दुसरीकडे काय केलं तेही पाहावं. पायाभूत काळात, म्हणजे त्याच १९८६-८८ मध्ये, ज्या देशांनी शेतीवर भरपूर पैसा ओतला होता, त्यांना तो थोडा कमी करून पुढेही देत राहण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेला वर्षाला १९.१ अब्ज डॉलरपर्यंत असा आधार देता येतो. भारताचा तेव्हाचा पीकनिहाय आधार एकूण मिळून उणे निघाला, म्हणून आपल्या हाती फक्त १० टक्क्यांची सूट आली. ही तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची 'उणे सबसिडी' ही संज्ञा याच संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. शेतकऱ्याला जगाच्या बाजारात मिळाला असता त्यापेक्षा कमी भाव सरकारी धोरणामुळे मिळतो, हे त्यांनी या दोन शब्दांत बसवलं. डंकेल प्रस्तावाला, म्हणजे हा करार ज्यातून आला त्या मसुद्याला, बहुतेकांचा विरोध असताना त्यांनी पाठिंबा दिला, तो याच विचारातून.

आणखी एक प्रतिसाद

'आधार' मान्य. पण अनुदान अजिबात नव्हतं, असं वाचकाला वाटायला नको. २०१९-२० मध्ये ६० लाख टन साखर निर्यातीसाठी टनामागे १०,४४८ रुपये केंद्राने दिले. तो पैसा तिजोरीतलाच होता. शिवाय साखरेचा किमान विक्री दर २०१८ मध्ये किलोला २९ आणि २०१९ मध्ये ३१ रुपये ठरवला. त्याचा भार ग्राहकावर पडतोच ना?

प्रतिसाद

अगदी बरोबर, आणि म्हणूनच दोन शब्द वेगळे ठेवायचे. निर्यातीसाठी दिलेली रक्कम म्हणजे 'निर्यात अनुदान'. तिथे दुसरा शब्द शोधायची गरज नाही, आणि त्याही मुद्द्यावर पॅनेलचा निष्कर्ष भारताच्या विरोधातच गेला. एफआरपी हा 'भावाचा आधार'. किंमत बांधली की कुणाच्या तरी खिशाला चाट बसते, हे खरं; कारखाना, ग्राहक, कधी दोघंही. ब्राझीलच्या ऊस उत्पादकालाही आपल्या स्वस्त निर्यातीचा फटका बसू शकतो, तेव्हा नियमच नकोत असं मी म्हणणार नाही. नियम हवेत, पण संदर्भ दर आजचा हवा.

जाता जाता: २००९ पर्यंत उसाच्या सरकारी दराला 'किमान वैधानिक किंमत', बोलण्यात एसएमपी, म्हणत. त्यानंतर 'रास्त आणि किफायतशीर दर', म्हणजेच एफआरपी, आला. 'हमीभाव' मात्र उसाला लावू नये. तो वेगळ्या यादीतल्या पिकांसाठी आहे.

प्रश्न

'शांतता कलम' उसाला लागू होतं का? आणि निकाल विरोधात गेला तर मग पुढे काही झालं कसं नाही?

प्रतिसाद

लागू होत नाही. मर्यादा ओलांडली तरी तक्रारीपासून संरक्षण देणारं, जागतिक व्यापार संघटनेच्या २०१३ च्या बाली परिषदेतलं ते कलम अन्नसुरक्षेसाठी केलेल्या सरकारी धान्यसाठ्यापुरतं आहे. भारताने ते वापरलं तांदळासाठी, २०१८-१९ ची मर्यादा ओलांडली तेव्हा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: भारताने जानेवारी २०२२ मध्ये अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प आहे. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या आणि किमान तीन सदस्यही उरले नाहीत. अपिलाचा निकाल लागेपर्यंत पॅनेलचा अहवाल लागू होत नाही. तेव्हा 'भारत खटला हरला' असंही लिहू नये. 'पॅनेलचा निष्कर्ष विरोधात, अपील प्रलंबित' हे अचूक.